ऊसतोड कामगारांच्या मुलांना शिकवणाऱ्या बाईंसाठी पद्मश्रीचं नामांकन कसं लिहावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्यातल्या एक निवृत्त जिल्हा परिषद शिक्षिका गेली तीसेक वर्षं ऊसतोड कामगारांच्या मुलांना हंगामात गावातच ठेवून घेतात, त्यांची राहण्या-जेवणाची सोय करतात आणि शाळा सुटू देत नाहीत. बाई आता सत्तरी ओलांडून गेल्या आहेत. त्यांना पद्मश्री मिळावी म्हणून त्यांचे माजी विद्यार्थी प्रयत्न करणार आहेत. आमदार-खासदारांची शिफारस लागते का, आधी राज्याचा पुरस्कार असावा लागतो का आणि अर्जात नेमकं लिहायचं काय, हे त्यांना जाणून घ्यायचं आहे. अशी नामांकनं लिहून देण्याचं आणि दुसऱ्यांनी लिहिलेली दुरुस्त करण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आमदारांचं पत्र लागत नाही. खासदारांचंही नाही. भारताचा कोणताही नागरिक राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर नोंदणी करून कोणाचंही नाव सुचवू शकतो, स्वतःचंसुद्धा. राज्य सरकारं, केंद्रीय मंत्रालयं, खासदार, याआधीचे भारतरत्न आणि पद्मविभूषण मानकरी यांच्याकडूनही नावं जातात, पण शेवटी सगळी एकाच समितीपुढे येतात. शुल्क काही नाही. ‘दिल्लीत आपली ओळख आहे, फाइल पुढे सरकवून देतो’ असं म्हणणारा कोणी भेटला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. बाईंच्या नावाला असल्या माणसाचा स्पर्शही होता कामा नये. आमदारांनी मनापासून पत्र दिलं तर घ्या, पण त्यासाठी महिनाभर चकरा मारू नका. तो महिना कागद गोळा करण्यात घालवलात तर त्याचा कितीतरी पट उपयोग होईल.

बाई पात्र आहेत का? आहेत. सेवेत असलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांना पद्म पुरस्कार देता येत नाही. सार्वजनिक उपक्रमांतले कर्मचारीही त्यात आले, अपवाद फक्त डॉक्टर आणि शास्त्रज्ञांचा. बाई निवृत्त झाल्यामुळे ती अडचण राहिली नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. पगार घेऊन वर्गात शिकवलं हे त्यांचं कर्तव्य होतं, आणि वाचणारा ते कर्तव्य म्हणूनच वाचेल. गृह मंत्रालयाच्या निकषांत साफ म्हटलं आहे की एखाद्या क्षेत्रातली नुसती उत्तम कामगिरी पुरेशी नाही, तिच्यापलीकडचं काहीतरी हवं आणि त्यात लोकसेवेचा अंश हवा. बाईंच्या बाबतीत ते ‘पलीकडचं’ शाळा सुटल्यानंतर सुरू होतं. संध्याकाळचा स्वयंपाक, आजारी पोराला दवाखान्यात नेणं, मुलीला परत पाठवा म्हणून निरोप आला की तिच्या आजीची समजूत घालणं. नामांकन यावर उभं करा. बदल्या, पदोन्नत्या आणि प्रशिक्षणं यांत जागा घालवू नका.

दुसरी निकडीची गोष्ट वयाची. पद्म पुरस्कार सहसा मरणोत्तर दिले जात नाहीत, अगदी अपवाद म्हणूनच दिले जातात. सिंधुताई सपकाळ यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली. करोनामुळे तो सोहळा नोव्हेंबरमध्ये झाला आणि ४ जानेवारी २०२२ ला माई गेल्या. मारुती चितमपल्लींना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा ते नव्वदी पार केलेले होते, आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. या दोघांचं काम त्याआधी कित्येक दशकं सगळ्या महाराष्ट्रासमोर होतं. आपल्याकडे माणूस थकल्यावर त्याची आठवण काढायची सवय आहे. याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून प्रत्येकाला सांगतो: पुढच्या वर्षी बघू, असं म्हणू नका.

आता निवड कशी होते ते समजून घ्या. दरवर्षी पंतप्रधान एक पद्म पुरस्कार समिती नेमतात. मंत्रिमंडळ सचिव तिचे अध्यक्ष असतात. गृह सचिव, राष्ट्रपतींचे सचिव आणि चार ते सहा मान्यवर व्यक्ती तिच्यात असतात. समितीच्या शिफारशी पंतप्रधान आणि राष्ट्रपतींकडे मंजुरीसाठी जातात आणि प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला नावं जाहीर होतात. एका वर्षात पद्मविभूषण, पद्मभूषण आणि पद्मश्री मिळून १२० पेक्षा जास्त पुरस्कार देता येत नाहीत. मरणोत्तर पुरस्कार आणि परदेशी किंवा अनिवासी मानकरी या मर्यादेबाहेर असतात. नामांकनं किती येतात? २०१० साली १,३१३ आली होती. प्रक्रिया ऑनलाइन झाल्यावर २०१९ च्या पुरस्कारांसाठी ४९,९९२ आली. गावागावातली माणसं या यादीत दिसू लागली ती दार असं उघडल्यामुळेच, आणि हा बदल मला अतिशय मोलाचा वाटतो. पण त्याचा दुसरा अर्थ असा की तुमचा कागद हजारोंच्या गठ्ठ्यात आहे आणि तो वाचणाऱ्याने तुमचा तालुका कधी पाहिलेला नाही.

त्या कागदाला मर्यादा आहे ८०० शब्दांची. खरी कसोटी इथे लागते.

माझ्याकडे येणाऱ्या दहांपैकी नऊ मसुद्यांची सुरुवात अशी असते: ‘बाईंनी आपले संपूर्ण आयुष्य समाजसेवेसाठी वाहून घेतले असून, त्या गोरगरीब व वंचित मुलांच्या माउली आहेत. त्यांचे कार्य अतुलनीय व प्रेरणादायी आहे.’ लिहिणाऱ्याचं प्रेम खरं असतं, मला त्याबद्दल शंका नसते. पण हेच वाक्य कोणाच्याही नावापुढे चालेल, आणि कोणालाही चालणारं वाक्य समितीच्या टेबलावर कोणाच्याच कामाचं नसतं. यात बाई दिसत नाहीत.

त्याऐवजी वाचणाऱ्याला आधी परिस्थिती दाखवा. दिल्लीत बसलेल्या माणसाला हे ठाऊक नसतं की दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोड कामगारांच्या टोळ्या गाव सोडतात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे साखर कारखान्यांचा हंगाम संपल्यावर, गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या जोडीला फेडावी लागते. मूल बरोबर गेलं की त्याचं शाळेचं अर्धं वर्ष बुडतं. उसाच्या फडावर धाकट्या भावंडाला सांभाळायला मोठी मुलगी लागते, म्हणून तिची शाळा सगळ्यात आधी सुटते. मागे ठेवायचं म्हटलं तर घरी म्हातारी आजी, आणि वयात येणारी मुलगी एकटी कशी ठेवायची या धास्तीने लग्न लवकर उरकलं जातं. एवढं चार-पाच वाक्यांत सांगितलंत की पुढचं प्रत्येक वाक्य वाचणाऱ्याच्या मनात नीट बसतं.

मग बाईंनी काय केलं ते क्रमाने, साध्या क्रियापदांत. नमुना म्हणून असं लिहिता येईल; साल आणि आकडे तुमचे खरे घाला:

‘त्या वर्षी दिवाळीनंतर त्यांच्या वर्गातली निम्मी मुलं टोळ्यांबरोबर गेली. पुढच्या हंगामापूर्वी बाई तांड्यावर आणि वस्तीवर घरोघर गेल्या आणि पालकांना म्हणाल्या, मुलं माझ्याकडे ठेवा. पहिल्या वर्षी चार घरांनी मुलं ठेवली. ती बाईंच्या स्वतःच्या घरात राहिली. दोन खोल्यांपैकी एक मुलांना दिली, स्वयंपाक बाई आणि त्यांच्या सासूबाई करत. मार्चमध्ये आईबाप परतले तेव्हा चारही मुलं परीक्षेला बसलेली होती.’

इथे एकही विशेषण बाईंचं कौतुक करायला आलेलं नाही. तरी बाई कोण आहेत ते कळतं. चार हा आकडा लहान वाटतो म्हणून तो लपवू नका. चारांपासून पुढे किती झाली हे सांगायचं असेल, तर चार सांगावेच लागतात.

त्यानंतर वाढ सांगा: किती गावं, किती मुलं, त्यातल्या मुली किती, दहावीपर्यंत किती पोचली. पुढे काय झालं तेही. त्या मुलांपैकी कोण परिचारिका झालं, कोण पोलिसात गेलं, कोण त्याच वसतिगृहात शिकवायला परत आलं. तुम्ही स्वतः माजी विद्यार्थी आहात, म्हणजे या भागाचे सगळ्यात खात्रीचे साक्षीदार तुम्हीच. आणि एक प्रश्न असा की ज्याचं उत्तर बहुतेक मसुद्यांत सापडत नाही: बाई उद्या थांबल्या तर काम चालू राहील का? दुसरी फळी तयार असेल, गावाने जबाबदारी घेतली असेल, शेजारच्या तालुक्याने तीच पद्धत उचलली असेल, तर ते ठळकपणे लिहा. एकट्याने ओढलेल्या गाड्यापेक्षा इतरांनी चालू ठेवलेलं काम जास्त वजनदार असतं, असं मी ठामपणे म्हणेन.

तुमच्या विषयात एक आक्षेप हमखास येणार. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना आहे, शाळा व्यवस्थापन समितीमार्फत ती चालते. जाणकार वाचक विचारेल की मग यात बाईंचं काय? हा मुद्दा टाळू नका, स्वतःहून मांडा. योजना गावात यायच्या आधी बाई किती वर्षं हे करत होत्या? अनुदान उशिरा आलं त्या महिन्यांत जेवण कुठून आलं? योजनेत न बसणाऱ्या मुलांचं काय केलं? हंगाम संपल्यावर काय? योजनेमुळे बाईंचं काम लहान होत नाही. उलट ती गरज सरकारच्या आधी त्यांनी ओळखली होती, हे कागदावर सिद्ध करता आलं तर तोच तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा ठरेल.

सिद्ध करायला वर्तमानपत्रांची कात्रणं पुरत नाहीत. ती जोडा, पण तुमच्या शाळेच्या कपाटात त्याहून चांगला पुरावा पडून आहे: जुने हजेरीपट. बाईंनी काम सुरू करण्याआधीच्या एखाद्या वर्षाचा हजेरीपट काढा. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ओळीच्या ओळी रिकाम्या दिसतील, शेऱ्यात ‘स्थलांतरित’ असं लिहिलेलं असेल. मग दहा वर्षांनंतरचा हजेरीपट शेजारी ठेवा, त्याच वस्तीतल्या मुलांच्या ओळी भरलेल्या असतील. मुख्याध्यापकांची रीतसर परवानगी घेऊन या दोन वर्षांच्या पटाची आणि हजेरीची बेरीज त्यांच्या सहीशिक्क्याने घ्या. मुलांची नावं बाहेर देऊ नका, आकडे पुरे. त्याच्या जोडीला जनरल रजिस्टरवरून, म्हणजे शाळेत आलेल्या आणि शाळा सोडून गेलेल्या मुलांच्या नोंदवहीवरून, शाळा मध्येच सोडलेल्यांची वर्षवार संख्या मिळाली तर उत्तम. कोणाचंही कौतुकपत्र या दोन कागदांची बरोबरी करू शकणार नाही.

मसुदा आधी मराठीतच लिहा. थेट इंग्रजीत लिहायला बसलं की ठोकळेबाज शब्द आपोआप येतात. मराठी मजकूर पक्का झाला की हिंदी किंवा इंग्रजी चांगली येणाऱ्या आणि हे काम डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाकडून भाषांतर करून घ्या. त्यात शब्द वाढतात, म्हणून मराठीत साडेसहाशेच्या आतच थांबा.

क्षेत्र कोणतं निवडायचं, यावर मंडळी उगाच घोळ घालतात. कला, समाजकार्य, सार्वजनिक व्यवहार, विज्ञान व अभियांत्रिकी, व्यापार-उद्योग, वैद्यक, साहित्य व शिक्षण, नागरी सेवा, क्रीडा अशी क्षेत्रं आहेत आणि उरलेल्यांसाठी ‘इतर’. माणसाची पदवी पाहू नका, काम पाहा. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जपलं. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली ती ‘इतर’मधल्या शेती या सदरात. त्याच वर्षी हिवरे बाजारच्या पोपटराव पवारांना समाजकार्यासाठी मिळाली, जरी त्यांच्या कामाचा गाभा पाणी आणि शेती हाच आहे. मेळघाटात बैरागडला राहिलेल्या डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना २०१९ मध्ये वैद्यक क्षेत्रात मिळाली, दोघांना मिळून एक. बाई शिक्षिका असल्या तरी माझं मत समाजकार्याकडे झुकतं, कारण त्यांनी शिकवण्यात नवी पद्धत आणली असा तुमचा दावा नाही. मुलं शाळेत टिकवली, हा दावा आहे.

राज्याचा पुरस्कार आधी असलाच पाहिजे अशी कोणतीही अट नाही. असेल तर एका ओळीत लिहा. ‘महाराष्ट्र भूषण’ हा राज्याचा सर्वोच्च सन्मान. १९९६ साली पु. ल. देशपांड्यांपासून सुरू झाला, पुढे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग, बाबा आमटे यांनाही मिळाला. तो वर्षाला सहसा एकाच नावाला जातो, त्यामुळे त्याची पायरी म्हणून वाट पाहण्यात अर्थ नाही. राज्य सरकारही पद्म पुरस्कारांसाठी नावं पाठवतं. तुम्ही पोर्टलवर नामांकन भरा आणि तोच संच जिल्हाधिकारी कार्यालयातही देऊन पोच घ्या. दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. मात्र एकाच मजकुराची शंभर नामांकनं शंभर जणांकडून भरून घेऊ नका. ही मतमोजणी नाही. एक नीट लिहिलेलं नामांकन पुरे.

हे सगळं करण्याआधी बाईंना विचारलं का? पुष्कळ ठिकाणी आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून लपवून करतात. तसं करू नका. निवड होण्याच्या टप्प्यावर पार्श्वभूमीची पडताळणी होते. बाईंच्या कामासाठी ट्रस्ट असेल तर त्याचे हिशेब, लेखापरीक्षण, धर्मादाय आयुक्तांकडे भरायची विवरणं वेळेवर भरलेली असली पाहिजेत. गावात एखादा जुना जागेचा वाद असेल तर तोही तुम्हाला आधी माहीत हवा. शिवाय बाई स्वतः सांगतील ते तपशील तुमच्यापैकी कोणालाच ठाऊक नसतील. त्यांच्यासमोर दोन-तीन संध्याकाळी वही घेऊन बसा. ‘तुमचं कार्य सांगा’ असं विचारलंत तर त्या ‘मी काही विशेष केलं नाही’ एवढंच म्हणतील. ‘पहिल्या वर्षी ज्वारी कुठून आणली?’ असं विचारा.

पुरस्काराबरोबर काय मिळतं, याबद्दल घरच्यांना आधीच स्पष्ट सांगा. राष्ट्रपतींच्या सहीची सनद आणि पदक मिळतं, समारंभात लावण्यासाठी पदकाची लहान प्रतिकृती मिळते. रोख रक्कम नाही, मानधन नाही, रेल्वे किंवा विमानाची सवलत नाही. वसतिगृहाच्या छपरासाठी पैसे हवे असतील तर त्यासाठी वेगळा प्रयत्न करावा लागेल, आणि तो या नामांकनासाठी थांबवू नका.

आणि नाव जाहीर झालंच तर फ्लेक्सवर, निमंत्रणपत्रिकेवर बाईंच्या नावाआधी ‘पद्मश्री’ छापू नका. राज्यघटनेच्या १८ व्या कलमाने किताब बंद केले. पद्म पुरस्कार १९५४ मध्ये सुरू झाले. ते त्या कलमाशी विसंगत आहेत का, हा प्रश्न बालाजी राघवन खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. डिसेंबर १९९५ मध्ये घटनापीठाने पुरस्कार वैध ठरवले, पण ते नावाच्या आधी किंवा नंतर जोडता येणार नाहीत आणि जोडल्यास पुरस्कार गमवावा लागू शकतो, असं बजावलं. लोक सर्रास छापतात म्हणून ते बरोबर ठरत नाही. बाईंच्या परिचयात ‘२०— साली पद्मश्री पुरस्काराने सन्मानित’ असं लिहायला काहीच हरकत नाही.

राहता राहिल्या तारखा. बरीच वर्षं नामांकनाची मुदत १ मे ते १५ सप्टेंबर अशी असायची. २०२६ च्या पुरस्कारांसाठी ती १५ मार्च ते ३१ जुलै २०२५ अशी अलीकडे आणली गेली. म्हणून जुन्या तारखांवर विसंबू नका, मार्च उजाडला की पोर्टल पाहायला लागा. हजेरीपटाचं काम दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच हातात घ्या, कारण परीक्षा सुरू झाल्या की शाळेत कोणाला कपाट उघडायला सवड नसते. पहिल्या वर्षी नाव आलं नाही तर पुढच्या वर्षी नवं नामांकन भरा. जुना मजकूर तसाच चिकटवू नका. मधल्या वर्षात किती मुलं राहिली, किती दहावी झाली, काम कोणत्या नव्या गावात गेलं, ते त्यात घाला. मसुदा तयार झाला की मला पाठवा, मी वाचून दुरुस्त्या सुचवेन.